सणाच्या दिवशीं वाद कशाला ?

प्रजासत्ताक दिनाच्या सकाळीं आमच्या इमारतींत जो समारंभ होतो, तो शहरांतील इतर इमारतींतून होणाऱ्या समारंभांहून निराळा नाहीं. रखवालदार पहांटेस उठून अंगण झाडतो, झेंड्याच्या घडींत गुलाबाच्या पाकळ्या ठेवून दोरीची गांठ मारतो आणि खुर्च्या मांडतो. आठ वाजतां मंडळी जमतात. कोणी निवृत्त अधिकारी दोरी ओढतात, पाकळ्या पडतात, राष्ट्रगीत होतें, ध्वनिवर्धकावर चित्रपटांतील देशभक्तीचीं दोन-तीन गाणीं वाजतात, आणि सामोसा व जिलबी वांटून वीस मिनिटांत सर्व आटोपतें. पुढें ज्यांस हौस असते ते घरीं जाऊन दूरदर्शनवर दिल्लीचें संचलन पाहतात. ज्यांस ती नसते ते, सुटी शनिवार-रविवारास जोडून आली असल्यास, आदल्या रात्रींच लोणावळ्यास गेलेले असतात.

गेल्या वर्षीं आम्हीं संस्थेच्या चिटणिसांस एक लहानशी विनंती केली. गाण्यांऐवजीं दहा मिनिटें संविधानांतील दोन कलमें, पंधरावें व सतरावें, मोठ्यानें वाचावीं आणि त्यांवर ज्यास बोलावयाचें असेल त्यानें बोलावें. विनंतीस निमित्त होतें. त्याच महिन्यांत इमारतीच्या सूचनाफलकावर एक कागद लागला होता, कीं घरकामास येणाऱ्या बायांनीं व सामान पोंचविणाऱ्या मुलांनीं पुढची लिफ्ट वापरूं नये, मागच्या बाजूची वापरावी. चिटणीस सज्जन गृहस्थ आहेत. हिशेबास चोख, कोणाच्याहि अडीअडचणीस धांवणारे. ते हंसून म्हणाले, "अहो, हवी तर उद्देशिका म्हणूं कीं सगळे मिळून. पण सणाच्या दिवशीं वादाचे विषय कशाला ?"

सुशिक्षित वर्गाचें राज्यघटनेविषयींचें सारें धोरण ह्या एका प्रश्नांत सांठविलेलें आहे. म्हणून त्याचा समाचार सविस्तर घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम तारखेचेंच पाहूं. २६ जानेवारी हा संविधान पुरें झाल्याचा दिवस नव्हे. संविधान सभेनें तें २६ नोव्हेंबर १९४९ रोजींच स्वीकारलें होतें, आणि नागरिकत्व वगैरेंविषयींचीं कांहीं कलमें त्याच दिवशीं अमलांतहि आलीं. उरलेला सर्व ग्रंथ दोन महिने थांबविला गेला, तो एका जुन्या दिवसाचा मान राखण्यासाठीं. डिसेंबर १९२९ मध्यें लाहोरास रावीच्या कांठीं काँग्रेसनें पूर्ण स्वराज्याचा ठराव केला, आणि पाठोपाठ २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर स्वातंत्र्यदिन म्हणून पाळण्याचें ठरलें. त्या दिवशीं काय झालें ? तोफा नव्हत्या, रणगाडे नव्हते. ज्यांच्यापाशीं ते होते तें सरकार ह्या सभांकडे डोळे वटारून पाहत होतें. गांवोगांवीं लोक जमले. परकीय राज्यानें देशाचें आर्थिक, राजकीय, सांस्कृतिक व आध्यात्मिक असें चौफेर नुकसान कसें केलें ह्याचा हिशेब मांडणारें एक प्रतिज्ञापत्रक वाचलें गेलें आणि ऐकणाऱ्यांनीं हात वर करून त्यास संमति दिली. उरलेला दिवस विधायक कामांत घालवावा, सूत कातावें, अस्पृश्यांची सेवा करावी, हिंदु-मुसलमानांचीं मनें जुळवावीं, दारूबंदीसाठीं झटावें, अशी गांधीजींची सूचना होती. म्हणजे जो दिवस आज आपण पाहण्याचा म्हणून ओळखतों, तो जन्मतः ऐकण्याचा, हात वर करण्याचा आणि कांहींतरी अंगावर घेण्याचा होता.

तो पाहण्याचा कसा झाला ह्याची कथा फार मोठी नाहीं. १९५० सालीं ह्याच तारखेस राजेंद्रप्रसादांनीं दिल्लीच्या दरबार हॉलमध्यें राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली, एकतीस तोफांची सलामी झाली आणि आयर्विन स्टेडियमवर सैन्याचें संचलन झालें; इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकर्णो पाहुणे होते. १९५५ पासून संचलन राजपथावर स्थिरावलें. त्या रस्त्यास २०२२ पासून कर्तव्यपथ म्हणतात. सीमेवर उभें राहणाऱ्या शिपायास वर्षांतून एक दिवस मान मिळावा ह्याबद्दल आमची कांहीं तक्रार नाहीं. नव्या राष्ट्रानें आपलें बळ जगास दाखवावें हेंहि त्या काळीं युक्तच होतें. आमची तक्रार इतकीच, कीं ज्या ग्रंथासाठीं हा दिवस आहे त्या ग्रंथाशीं प्रेक्षकाचा कांहींच व्यवहार होत नाहीं. एखाद्या वर्षीं संविधानावरचा चित्ररथहि निघतो. परंतु चित्ररथ डोळ्यांपुढून सरकतो, त्यास प्रश्न विचारतां येत नाहीं.

घटनेचा सण निराळ्या रीतीनें होऊं शकतो काय, असें कोणी विचारील तर आम्ही नॉर्वेकडे बोट दाखवूं. त्या देशाच्या घटनेवर १७ मे १८१४ ही तारीख आहे. आयड्सवोल येथें जमलेल्या ११२ प्रतिनिधींनीं ती सिद्ध केली. त्याच वर्षीं देश स्वीडनच्या राजछत्राखालीं गेला, आणि पुढें कार्ल योहान ह्या राजास हा सण मुळींच रुचेना. १८२९ मध्यें ख्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ऑस्लोच्या, चौकांत तो साजरा करण्यास जमलेल्या लोकांवर लष्कर घातलें गेलें. तरी सण टिकला. १८७० पासून तेथें मुलांची मिरवणूक निघूं लागली. प्रथम ती मुलग्यांचीच असे, १८८९ पासून मुलीहि त्यांत आल्या. आज त्या दिवशीं राजा वाड्याच्या सज्जांत उभा असतो आणि शाळाशाळांचीं मुलें हातांत लहान झेंडे घेऊन त्याच्यासमोरून जातात. सणाचा मान मुलांकडे आहे, रणगाड्यांकडे नाहीं.

परंतु मुलांची मिरवणूक ही झाली शोभेची गोष्ट. ह्या सणांत आम्हांस जें खरें शिकण्यासारखें वाटतें तें असें. त्याच नॉर्वेच्या घटनेच्या दुसऱ्या कलमांत ज्यू लोकांस देशांत पाऊल टाकण्याची बंदी होती. आणि ज्या कवीनें १७ मेचा सण लोकांत रुजविण्यासाठीं सर्वांत अधिक खटपट केली, त्या हेन्रिक वेर्गेलान्ह यानेंच ह्या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षें झुंज दिली. १८४५ मध्यें तो वारला. बंदी १८५१ मध्यें उठली. घटनेवर प्रेम करणारा आणि घटनेशीं भांडणारा हा एकच मनुष्य होता. आमच्या चिटणिसांनीं त्यास विचारलें असतें, कीं बाबा रे, सणाच्या दिवशीं हा वाद कशाला, तर त्यानें काय उत्तर दिलें असतें ?

आतां घरचें पाहूं. ९ डिसेंबर १९४६ पासून पुढें जवळजवळ तीन वर्षें आमची संविधान सभा काय करीत होती ? ती वाद करीत होती. देशाची फाळणी होत होती, निर्वासितांच्या छावण्या भरल्या होत्या, गांधीजींचा खून झाला होता. आणि ह्या सर्वांत ती सभा एकेका शब्दावर भांडत होती. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या, पैकीं २,४७३ प्रत्यक्ष सभेपुढें आल्या. आरंभींच नेहरूंनीं ध्येयांचा ठराव मांडला, तेव्हां आमच्या मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर उठून म्हणाले, कीं मुस्लिम लीगचे व संस्थानांचे प्रतिनिधि येण्यास अवधि द्यावा, तोंवर ठराव पुढें ढकलावा. असें बोलून त्या भारलेल्या सभागृहांत त्यांनीं रोषच पत्करला. पाठोपाठ डॉ. आंबेडकरहि त्यांच्या बाजूनें बोलले. आणि सभा थांबली ! १३ डिसेंबरला मांडलेला ठराव २२ जानेवारी १९४७ रोजीं संमत झाला. मूलभूत हक्कांचा प्रश्न आला तेव्हां कम्युनिस्ट पक्षाचे एकुलते सभासद सोमनाथ लाहिरी म्हणाले, कीं हे हक्क पोलिस शिपायाच्या दृष्टीनें लिहिलेले दिसतात. अगदीं शेवटच्या चर्चेंत म्हैसूरचे हनुमंतय्या म्हणाले, कीं आम्हांस हवें होतें वीणेचें किंवा सतारीचें संगीत, आणि मिळाला आहे इंग्रजी बँड. (प्रजासत्ताक दिनाच्या संचलनांतील बँड ऐकून त्यांस काय वाटलें असतें, हा प्रश्न आम्ही येथें सोडून देतों.)

आणि ज्या उद्देशिकेचें पठण हें सर्व वादांपासून सुटण्याचें सोपें साधन असें आमच्या चिटणिसांस वाटलें, तिची जन्मकथा काय आहे ? १७ ऑक्टोबर १९४९ रोजीं ती सभेपुढें आली तेव्हां हरि विष्णु कामत यांनीं तिचा आरंभ ईश्वराच्या नांवानें व्हावा अशी दुरुस्ती मांडली. कोणी म्हणाले, ईश्वरच कां, देवी कां नको. कोणी म्हणाले, श्रद्धा ही ज्याची त्याची. ती ह्या ग्रंथानें कोणावर लादूं नये. पंडित हृदयनाथ कुंझरू यांनीं तर हा प्रश्न चर्चेंत आणला गेला ह्याबद्दलच खेद व्यक्त केला. शेवटीं मतें मोजलीं गेलीं: बाजूनें ४१, विरुद्ध ६८. ईश्वराचें नांव गेलें आणि 'आम्ही' हा शब्द पहिला राहिला. हा 'आम्ही' सर्वांनीं एका सुरांत म्हणून झालेला नाहीं. ४१ विरुद्ध ६८ असा तो झालेला आहे. हरलेल्या ४१ जणांस कोणीं देशद्रोही म्हटलें नाहीं, आणि कामतांनींहि पुढें त्या ग्रंथावर सही करण्यास कुरकुर केली नाहीं. आमच्या मतें राज्यघटनेच्या सणास ह्या मतमोजणीहून अधिक मंगल कथा मिळणार नाहीं. पण ती आमच्या किती मुलांस ठाऊक आहे ?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं सभेपुढें समारोपाचें भाषण केलें. तें पुष्कळांनीं ऐकलेलें असतें; निदान त्यांतील तीन इशारे तरी. परंतु त्याच भाषणांत त्यांनीं आभार कोणाचे मानले हें फार थोड्यांस माहीत असतें. आपल्या सहकाऱ्यांचे व सेवकवर्गाचे आभार तर त्यांनीं मानलेच. शिवाय सभेंतल्या बंडखोरांचे मानले, आणि तेहि नांवें घेऊन. त्यांत कामत होते, आमच्या विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख होते, प्राध्यापक के. टी. शहा होते, कुंझरू होते. पक्षाची शिस्त सर्वांनींच मुकाट्यानें पाळली असती तर ह्या सभेचें कामकाज अगदींच नीरस झालें असतें. ह्या मंडळींनीं आडवे प्रश्न विचारले म्हणून संविधानामागचीं तत्त्वें उलगडून सांगण्याची संधि मला मिळाली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्या शिल्पकाराच्या तसबिरीस आपण त्या दिवशीं हार घालतों, त्याची स्वतःची कृतज्ञता भांडणाऱ्यांकडे होती !

असें असतां आपण केलें काय ? २६ नोव्हेंबर हा दिवस सरकारनें २०१५ मध्यें संविधान दिन म्हणून जाहीर केला. १९७९ पासून वकीलमंडळी तो कायदा दिन म्हणून पाळीत आलीच होती. हें चांगलेंच झालें. (मुंबईकरांस त्या तारखेस २००८ ची काळरात्र प्रथम आठवते, त्यांत त्यांचा दोष नाहीं.) २०२० च्या जानेवारीपासून महाराष्ट्रांतील शाळांतून उद्देशिकेचें वाचन व्हावें असाहि आदेश निघाला. हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु आम्हीं एका शाळेंत स्वतः ऐकलें तें असें, कीं मुलें परवचा म्हणावी तशी उद्देशिका म्हणत होतीं, आणि 'समाजवादी' व 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द तींत मूळचे नव्हते, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनें, आणीबाणींत, आले, हें मुलांसहि ठाऊक नव्हतें व शिकविणाऱ्या बाईंसहि नव्हतें. ते शब्द असावे कीं नसावे ह्यावर दोन पक्ष आहेत. आमचा कल ते असावे असाच आहे. पण एखाद्या चौदा वर्षांच्या मुलानें उभें राहून 'बाई, हे मागाहून कां घातले ?' असें विचारावें, आणि बाईंनीं गप्प न बसवितां उत्तर द्यावें, असा तास ज्या शाळेंत होईल तेथें संविधान दिन झाला असें आम्ही म्हणूं. बाकी ठिकाणीं स्तोत्रपठण झालें.

ह्यावर कोणी म्हणेल कीं संविधान हा प्रचंड ग्रंथ आहे, कायद्याच्या भाषेंतला आहे, सामान्य कुटुंबानें तो वाचावा कसा ? हा आक्षेप आम्हांस लटका वाटतो. आमच्या इमारतींतील मंडळी सहकारी संस्थेचे उपविधि तोंडपाठ म्हणून दाखवितात, आणि प्राप्तिकरांतील सवलतींचीं कलमें त्यांना वकिलांहून अधिक ठाऊक असतात. सतरावें कलम अवघ्या दोन वाक्यांचें आहे. पंधराव्यांत दुकानें, उपाहारगृहें, विहिरी, तळीं, स्नानाचे घाट अशीं रोजच्या व्यवहारांतलीं नांवें आहेत. ज्या महाराष्ट्रीय वाचकास त्यांतील 'तळें' ह्या शब्दापाशीं २० मार्च १९२७ चें महाड आठवलें नाहीं, त्यानें तें कलम नुसतें डोळ्यांखालून घातलें, वाचलें नाहीं. ज्यांच्या बापजाद्यांस त्या तळ्याचें पाणी नाकारलें होतें, त्यांच्या वस्त्यांत आज ह्या ग्रंथाची मिरवणूक निघते, आणि तिच्यामागचा भाव आम्हांस समजतो. त्यांनीं ग्रंथ डोक्यावर घेतला, कारण त्यानें त्यांस कांहींतरी दिलें. आमच्या वर्गाचें तसें नाहीं. ह्या ग्रंथानें आमच्याकडे कांहीं मागितलें आहे, आणि तें द्यावें लागूं नये म्हणूनच आम्ही त्यास हार घालून मोकळे होतों, असा आमचा आमच्याच वर्गावर स्पष्ट आरोप आहे.

दुसरा आक्षेप असा, कीं वादानें एकी भंगते. मग १९४९ सालीं ती कां भंगली नाहीं ? उलट फाळणीच्या आगींत जेवढा देश हातीं राहिला तेवढा ज्या गोष्टींनीं जोडला गेला, त्यांत ह्या सभेंतील मोकळ्या वादाचा वांटा लहान नाहीं. तिसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे: भक्तीनें कोणाचें नुकसान होतें ? ग्रंथावर लोकांची भक्ति असेल तर ग्रंथ सुरक्षित राहील. ह्याचें उत्तर आंबेडकरांनींच त्या भाषणांत देऊन ठेवलें आहे. धर्मांत भक्ति आत्म्यास तारीत असेल. राजकारणांत ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असें त्यांनीं बजाविलें होतें. तें त्यांनीं थोर पुरुषांविषयीं म्हटलें हें खरें. पण जी संवय माणसापुढें हात जोडून डोळे मिटते, ती ग्रंथापुढें डोळे उघडे ठेवील हें आम्हांस पटत नाहीं. हा ग्रंथ २०२३ पर्यंत १०६ वेळां दुरुस्त झालेला आहे. ज्यानें डोळे मिटले आहेत त्यास कोणती दुरुस्ती हिताची आणि कोणती घाताची हें कोण सांगणार ?

आतां त्या लिफ्टकडे येतों. आमच्या इमारतींत दोन वकील राहतात. दोघांनींहि आम्हांस ऐकविलें, कीं ही सूचना कलम १५ खालीं येत नाहीं, कारण लिफ्ट खासगी आहे. आणि कलम १७ खालींहि येत नाहीं, कारण बंदी जातीवरून नसून कामावरून आहे. पहिल्या मुद्द्यावर ते बहुधा बरोबर असतील. दुसऱ्यावर आमची शंका आहे, कारण घरकामास येणाऱ्या बाया कोणत्या जातींतून येतात आणि पुढच्या लिफ्टमधून कोणत्या जाती उतरतात हें त्यांसहि ठाऊक आहे. शिवाय उद्देशिकेंत बंधुता नांवाचा एक शब्द आहे. ती नसेल तर स्वातंत्र्य व समता रंगाच्या हातापेक्षां खोल जाणार नाहीं, असें आंबेडकर म्हणाले होते, आणि त्या शब्दाची अंमलबजावणी कोणतेंहि न्यायालय आमच्यासाठीं करणार नाहीं. आमचें मत चुकीचें असूं शकेल. मागच्या लिफ्टनें येणाऱ्या बाईंचें मत काय आहे तें तर अद्याप कोणीं विचारलेलेंच नाहीं. हाच तो वाद. आणि तो करण्यास वर्षांतील दुसरा कोणता दिवस अधिक योग्य आहे तें आमच्या चिटणिसांनींच सांगावें.

ह्या वर्षीं आम्हीं विनंति तोंडीं न करतां लेखी दिली आहे. तींत तीन गोष्टी मागितल्या आहेत. ध्वजारोहणानंतर अर्धा तास वाचन व चर्चा व्हावी. चर्चेस इमारतींत काम करणाऱ्या सर्वांस, रखवालदारासह, बोलवावें आणि त्यांस बसावयास खुर्च्या असाव्या. व झेंड्याची दोरी ह्या खेपेस ज्यानें गांठ मारली त्यानेंच ओढावी. संस्थेच्या समितीची बैठक येत्या रविवारीं आहे. दोन सभासद अनुकूल आहेत, तिघे प्रतिकूल आहेत, आणि चिटणिसांनीं अजून आपलें मत सांगितलेलें नाहीं.